जुन्या कोडचा मान राखून

"मामा, बग नव्या कर्नलमध्ये दुरुस्त झालेलाच असतो. तोच पॅच उचलून जुन्या कर्नलला लावायचा, तर त्याला पगारी माणूस कशाला लागतो?" असं तू विचारलंस. प्रश्न रास्त आहे. ऐरोलीत ज्या कामावर तू रुजू होणार आहेस, त्याचं मर्म नेमकं त्यातच आहे. माझी उमर याच कामात गेली, तेव्हा हाताशी आलेलं सगळं तुला सांगून ठेवतो.

आधी जुना कर्नल वापरतं कोण, ते डोळ्यासमोर आण. आपल्या अंबरनाथ पूर्वेला आनंदनगर एमआयडीसीत फेरी मार. कारखान्यांच्या कंट्रोल रूममध्ये भिंतीवर गेटवेच्या छोट्या पेट्या असतात, यंत्रांचे आकडे वरच्या सर्व्हरला पाठवणाऱ्या. त्यांतल्या कित्येकांत लिनक्स असतं आणि बसवलं त्या दिवशीचा कर्नल असतो. तो बदलायचा तर सगळी यंत्रणा पुन्हा तपासून प्रमाणित करून घ्यावी लागते, उत्पादन थांबतं, म्हणून कोणी हात लावत नाही. ब्रॉडबँडवाल्यांचंही तसंच. मायक्रोटिकच्या राउटरओएस ६ च्या पोटात ३.३.५ हा कर्नल आहे. रेड हॅटच्या ७ व्या आवृत्तीत ३.१० होता. तो कर्नल २०१३ चा, आणि त्याची नेहमीची देखभाल ३० जून २०२४ पर्यंत चालली. २०१६ मध्ये लिनक्स फाउंडेशनखाली सिव्हिल इन्फ्रास्ट्रक्चर प्लॅटफॉर्म नावाचा प्रकल्प सुरू झाला, त्यात सीमेन्स, हिताची, तोशिबा अशा कंपन्या आल्या. वीज, रेल्वे, कारखाने यांच्यासाठी ४.४ सारखा कर्नल निदान दहा वर्षं जगवायचा, हा त्यांचा हेतू. या सगळ्या जुन्या मशीनना नेटवर्कवरून येणारी पॅकेट्स मात्र आजची असतात आणि हल्लेही आजचेच. म्हणून तुझं काम.

पहिला नियम साधा आहे: दुरुस्ती आधी मेनलाइनमध्ये, म्हणजे लिनस टॉरव्हल्ड्सच्या झाडात, मगच जुन्या कर्नलला. स्टेबल मालिका २००५ च्या मार्चमध्ये २.६.११ पासून सुरू झाली, तिच्यात हे पाळलं जातं. पॅच खऱ्या बगवरचा हवा, तपासलेला हवा, आजूबाजूच्या ओळी धरून शंभर ओळींच्या आत हवा. मेनलाइनबाहेर पॅच सांभाळत बसण्याचे कष्ट किती असतात, ते पुण्याच्या अमित काळे यांना विचारावं. केजीडीबी हा कर्नलचा डीबगर त्यांनी बरीच वर्षं बाहेर राहून सांभाळला. प्रत्येक नवा कर्नल आला की पॅच त्याला पुन्हा जुळवायचा. शेवटी २००८ मध्ये २.६.२६ मध्ये केजीडीबी मेनलाइनमध्ये गेला. आपल्या मुलखातल्या माणसाने असं काम चिकाटीने केलंय याचा मला फार अभिमान वाटतो, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता खरं सांगायचं ते. चेरी-पिक केल्यावर कॉन्फ्लिक्ट आला तर घाबरू नकोस. कॉन्फ्लिक्ट आला म्हणजे गिटने तुला थांबवून विचारलं. पॅच मुकाट्याने बसला, कंपाइल झाला, मशीन सुरू झालं, तेव्हा सावध हो. गिट फक्त ओळी जुळवतं. दुरुस्ती करणाऱ्याने आजूबाजूच्या कोडबद्दल काय काय गृहीत धरलं होतं, हे गिटला दिसत नाही. ती गृहीतकं जुन्या कर्नलमध्ये खरी आहेत का, हे पाहणं माणसाचं काम. तुझा पगार त्याचा आहे.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण टीसीपीचं आहे. ते नीट समजून घे, कारण बाकीचं सगळं त्यातून उमगतं.

४.१४ आणि त्याआधीच्या कर्नलमध्ये टीसीपीची पाठवायची रांग एकच असायची. पाठवलेली पण पोच न आलेली पॅकेट्स पुढे, अजून न पाठवलेली मागे, सगळी एकाच साखळीत. न पाठवलेली कुठून सुरू होतात, हे दाखवायला एक वेगळा पॉइंटर होता, एसके सेंड हेड. ४.१५ मध्ये एरिक ड्युमाझे यांनी ही मांडणी बदलली. पोच न आलेली पॅकेट्स रेड-ब्लॅक ट्रीमध्ये गेली आणि साखळीत फक्त न पाठवलेली उरली. मग वेगळ्या खुणेची गरजच राहिली नाही, साखळीतलं पहिलं पॅकेट हीच खूण.

२०१८ च्या मे महिन्यात सिझकॉलर या बग हुडकणाऱ्या साधनाने एक बग शोधून काढला. टीसीपी फास्ट ओपनच्या वाटेने जोडणी नव्याने सुरू होताना रांगेत जुनं सामान शिल्लक राहू शकत होतं. उपाय अगदी छोटा, जोडणीची तयारी करणाऱ्या टीसीपी कनेक्ट इनिट या फंक्शनमध्ये रांग रिकामी करायची. ४.१६.१२ मध्ये हा पॅच गेला आणि तिथे तो पूर्ण बरोबर होता. मग तो जुन्या दीर्घकालीन कर्नलांनाही लावला गेला, म्हणजे बॅकपोर्ट झाला. बसलाही सुखाने, कारण रांग रिकामी करणारं फंक्शन त्याच नावाने तिथेही होतं. पण जुन्या कर्नलमध्ये रांग रिकामी झाली तरी एसके सेंड हेड मोकळ्या केलेल्या मेमरीकडेच बोट दाखवत राहिला. जोडणी तोडणारं फंक्शन तो पॉइंटर स्वतः पुसत असे, जोडणी करणारं पुसत नव्हतं, कारण तोवर तशी वेळच आली नव्हती. जोडणी तुटल्यावर आणि पुन्हा जुळण्याआधी रांगेत काही घातलं की कर्नल मोकळी केलेली मेमरी वापरू लागे. मशीन कोसळू शकत होतं, आणि मशीनवरच्या साध्या वापरकर्त्याला रूटचे अधिकार मिळण्याचीही शक्यता होती.

डेनिस अँडझाकोविक यांनी ते शोधलं. सीव्हीई-२०१९-१५२३९ हा त्याचा क्रमांक. त्याच्या नोंदीतच म्हटलंय की बॅकपोर्टने आणलेला हा दोष मूळ दोषापेक्षा अधिक गंभीर ठरू शकतो. दुरुस्ती डेबियनचे बेन हचिंग्ज यांनी केली, २०१९ च्या ऑगस्टमध्ये. पॅचच्या निवेदनात त्यांनी स्वच्छ लिहिलं की हा बग मेनलाइनमध्ये नाहीच, रेड-ब्लॅक ट्रीच्या बदलामुळे तो तिथे संभवत नाही, आणि तो मोठा बदल जुन्या कर्नलमध्ये आणणं योग्य नाही, म्हणून फक्त पॉइंटर पुसायचा. ते निवेदन छापून टेबलाजवळ लाव. मेनलाइन आधी या नियमाला अपवाद करायचा तर कारण इतकं नेमकं लिहायचं.

यातून मी एक सवय लावून घेतली, तीच तुला देतो. पॅच हातात आला की आधी त्याची ओळन्‌ओळ बाजूला ठेव. त्याने हात लावलेलं प्रत्येक फंक्शन जुन्या झाडात उघड आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाच. मग त्याला हाक मारणारे सगळे शोध. कोणता लॉक आधीच घेतलेला असतो? चुकीच्या वाटेने बाहेर पडताना काय काय मोकळं होतं आणि कुठल्या क्रमाने? कुठला पॉइंटर अजून जिवंत असतो? हे कागदावर लिहून मगच पॅच उघड. आपल्या स्टेशनवरून सुटणारी लोकल धरलीस तर ठाण्यापर्यंत बसायला मिळतं. जुनं फंक्शन छापून न्यायचं आणि त्या वेळात पेन्सिलने वाचायचं. स्क्रीनवर डोळा पॅचच्या हिरव्या-लाल ओळींकडेच ओढला जातो, कागदावर तसं होत नाही.

दुसरं, पॅच कधी एकटा येत नाही असंच धरून चाल. प्रत्येक चांगल्या पॅचखाली फिक्सेस अशी खूण असते आणि तिच्यापुढे ज्या कमिटने बग आणला तिच्या हॅशची पहिली बारा अक्षरं. तिचे दोन उपयोग. एक, मूळ दोषी कमिट तुझ्या जुन्या कर्नलमध्ये आहे का ते पाहायचं. नसेल तर बहुतेक वेळा पॅच लावायची गरजच नसते, आणि गरज नसताना लावलेला पॅच हाही धोकाच. मात्र दोषी कमिट कोणी मागे बॅकपोर्ट केलेली असू शकते, तेव्हा आवृत्तीच्या क्रमांकावर न जाता जुन्या झाडाच्या नोंदींत तिचं शीर्षक शोध. दुसरा उपयोग उलटा, आणि हा बरेच जण विसरतात. तू जो पॅच मागे नेते आहेस, त्याच्याच हॅशवर बोट ठेवणारी फिक्सेसची खूण पुढे कुठे आहे का, ते गिटच्या नोंदींत शोध. म्हणजे दुरुस्तीची दुरुस्ती.

सॅक पॅनिकच्या वेळी हे सगळ्यांना जाणवलं. नेटफ्लिक्सच्या जोनाथन लूनी यांनी शोधलेला तो दोष १७ जून २०१९ ला जाहीर झाला, २.६.२९ पासूनच्या सगळ्या कर्नलमध्ये होता. गणित ऐकण्यासारखं आहे. एका पॅकेटच्या बफरमध्ये जास्तीत जास्त १७ तुकडे, एक्स८६ वर प्रत्येक तुकडा ३२ केबीपर्यंत. समोरच्याने एमएसएस ४८ इतका खाली आणला की ४० बाइट ऑप्शनमध्ये जाऊन डेटाला उरतात ८. सतरा गुणिले ३२ केबी, भागिले ८, म्हणजे ६९,६३२ सेगमेंट. मोजणारा रकाना १६ बिटांचा, त्यात ६५,५३५ च्या वर मावत नाही. आकडा उलटला की कर्नल स्वतःच थांबायचा. दूरच्या माणसाने नुसती पॅकेट्स पाठवून मशीन पाडावं, असा तो प्रकार. त्याच दिवशी ५.१.११, ४.१९.५२, ४.१४.१२७, ४.९.१८२, ४.४.१८२ असे सगळे स्टेबल कर्नल बाहेर पडले.

त्या संचात टीसीपी फ्रॅग्मेंट या फंक्शनवर मेमरीची मर्यादा घालणारा एक पॅच होता. ती मर्यादा सेंड बफर लहान ठेवणाऱ्या प्रोग्रॅमना फार कडक पडली, त्यांच्या जोडण्या अडकू लागल्या. त्याच जूनमध्ये एक दुरुस्ती आली. जुलैत दुसरी आली. ज्यांनी पहिला पॅच घेऊन काम संपलं असं मानलं, त्यांच्याकडे अडकणाऱ्या जोडण्या तशाच राहिल्या. आणि पुढचं बघ. जुलैची ती दुरुस्ती ४.१४ मध्ये नेताना पुन्हा तोच रेड-ब्लॅक ट्री आडवा आला. रिट्रान्समिट रांगेचं शेवटचं पॅकेट देणारं फंक्शन ४.१४ मध्ये नव्हतंच, ते जुन्या साखळीवर बेतून लिहावं लागलं. रिट्रान्समिट रांग रिकामी असताना ते फंक्शन चुकीचं उत्तर देत होतं. मग त्यावर ४.१४ साठी वेगळा पॅच करावा लागला. एकाच वर्षात एकाच मांडणीतल्या बदलापाशी दोनदा ठेच लागली, तीही जगातल्या उत्तम माणसांना. म्हणून तुझ्या कर्नलच्या आणि मेनलाइनच्या मधे असे मोठे बदल कोणते झाले, याची एक वही ठेव. नेटवर्किंगमध्ये ती फार लांब होत नाही, पण सोन्याच्या मोलाची असते.

त्या वहीत अशी नावंही लिही जी तीच राहिली पण वागणूक बदलली. ५.२ मध्ये नेटलिंकची तपासणी कडक झाली. पूर्वीचं सैल एनएलए पार्स हे एनएलए पार्स डेप्रिकेटेड झालं, आणि एनएलए पार्स या नावाने नवं कडक फंक्शन आलं. एनएलए नेस्ट स्टार्टचंही तसंच, ५.२ पासून ते नेस्टेडचा फ्लॅग आपणहून लावतं, आधी लावत नसे. ५.२ नंतर लिहिलेला पॅच ४.१९ मध्ये नेलास तर कंपायलर काहीच बोलणार नाही, आणि कडक तपासणी गृहीत धरून लिहिलेला कोड सैल तपासणीवर उभा राहील. याउलट ४.१३ च्या सुमारास सॉकेटचे संदर्भ मोजणारा रकाना अ‍ॅटॉमिकवरून रेफकाउंटवर गेला, ५.० मध्ये अ‍ॅक्सेस ओकेचा एक आर्ग्युमेंट गळाला. असे बदल कंपायलरच ओरडून सांगतो. त्यांची धास्ती नको.

एंटरप्राइझ कर्नलवर काम आलं तर आणखी एक बंधन असतं. बाहेरच्या कंपन्यांचे तयार ड्रायव्हर चालू राहावेत म्हणून काही स्ट्रक्चर्सची मांडणी गोठवलेली असते. एसके बफमध्ये मधेच रकाना घालता येत नाही, राखून ठेवलेल्या जागेतच भागवावं लागतं. आणि गिऱ्हाइकाला समजावून सांगायची तयारी ठेव. त्यांचं स्कॅनर ३.१० हा आकडा बघतं आणि शंभर दोष दाखवतं, पण त्या ३.१० मध्ये आतून हजारो दुरुस्त्या आलेल्या असतात. आकड्यावर वाद घालू नकोस, पॅकेजचा चेंजलॉग काढून त्या सीव्हीईची ओळ दाखव. २०२४ च्या फेब्रुवारीपासून कर्नलवाले स्वतः सीव्हीई क्रमांक देतात आणि जवळपास प्रत्येक दुरुस्तीला देतात, त्यामुळे क्रमांक आहे म्हणजे आभाळ कोसळलं असंही नाही. तो कोड तुमच्या कॉन्फिगमध्ये बांधला जातो का, ते आधी पाहावं.

चाचणीत कंजूषपणा करू नकोस. नुसतं पिंग गेलं म्हणजे काही सिद्ध होत नाही. दोन नेटवर्क नेमस्पेस बनव, मधे व्हेथची जोडी टाक, तिच्यावर नेटेम लावून पॅकेट्स गाळ, उशीर घाल, क्रम उलटसुलट कर. पावसाळ्यात आपल्याकडे केबल भिजली की लाइन जशी अडखळते, तशीच टेबलावर तयार करायची, कारण टीसीपीतले बग निरोगी लाइनवर उजेडात येत नाहीत. गूगलने २०१३ मध्ये पॅकेटड्रिल हे साधन खुलं केलं, त्यात कुठलं पॅकेट कधी यावं हे ओळीने लिहून देता येतं, ते शिकून घे. केसॅन लावून बांधलेल्या कर्नलवर चालव, एसके सेंड हेडसारखा दोष ते पकडतं. केसॅन ४.० मध्ये आलं, त्याआधीच्या कर्नलवर ते मिळणार नाही, तिथे वाचन दुप्पट करावं लागतं. आणि पॅच लावण्याआधी जुन्या कर्नलवर बग घडवून दाखव. जो बग तुला घडवता आला नाही, तो गेला हे तू कशावरून म्हणणार?

क्रमाचं एक. ४.१४ ला पॅच द्यायचा असेल तर त्याच्या वरच्या सगळ्या जिवंत मालिकांत तो आहे ना, हे आधी बघ. नसेल तर वरून खाली ये. नाहीतर गिऱ्हाईक उद्या नव्या कर्नलवर गेलं की गेलेला बग त्याच्याकडे परत येईल. आणि जुन्या कागदपत्रांत नेटवर्किंगचे पॅच स्टेबलला सीसी करू नका असं वाचलंस तर गोंधळू नकोस. पूर्वी डेव्हिड मिलर स्वतः निवडून ते पाठवत. २०२१ पासून नेटवर्किंगलाही इतरांसारखेच नियम आहेत.

पॅच तयार व्हायला वेळ लागणार असेल तर गिऱ्हाइकाला तोवरचा उपाय दे, पण त्याची किंमत सांगून दे. सॅक पॅनिकच्या वेळी सॅक बंद करण्याचा उपाय होता. पॅकेट्स गळणाऱ्या लाइनवर सॅकशिवाय वेग किती पडतो, हे नेटेमवर मोजून आकडा त्यांच्या हातात ठेवायचा. लहान एमएसएसची पॅकेट्स फायरवॉलवरच अडवणं हा दुसरा मार्ग होता, त्यात गळक्या लाइनचं नुकसान होत नसे. एमआयडीसीतल्या मशीनवर कर्नल चढवायचा तर शुक्रवारची सुट्टी गाठ, जुना कर्नल बूटच्या यादीत तसाच ठेव, आणि तो सुरू होतो की नाही हे नवा चढवायच्या आधी एकदा पाहून घे.

जुळवून घेतलेल्या पॅचच्या वर मेनलाइनची मूळ हॅश लिही. चेरी-पिकला डॅश एक्स दिलंस तर ती आपोआप येते, पण निवेदनाच्या शेवटी; ती वर ने. तुझ्या सहीच्या वर चौकटी कंसात, तू काय बदललंस आणि का, ते दोन ओळींत लिही. 'किरकोळ बदल केले' असं कधी लिहू नकोस. सात वर्षांनी तो पॅच उघडणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं: कुठलं फंक्शन इथे नव्हतं, त्याच्या जागी काय घातलं, कुठला लॉक वेगळा होता.

स्टेबलचा नवा कर्नल निघण्याआधी त्याची आरसी, म्हणजे तपासायला दिलेली प्रत, येते आणि उत्तर द्यायला साधारण ४८ तास मिळतात. ते दोन दिवस दुसरं काम घेऊ नकोस. तुमच्या हार्डवेअरवर, तुमच्या कॉन्फिगने बांध, नेटेमच्या सगळ्या टेस्ट चालव, आणि चांगलं चाललं तरी उत्तर पाठव: कुठलं मशीन, कुठलं नेटवर्क कार्ड, काय काय चालवून पाहिलं. बिघडलं तर गिट बायसेक्ट करून नेमकी कमिट सांग आणि त्या पॅचच्या लेखकालाही पत्रात घे.